दिंडीच्या गाडीतले दिवे



दिव्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. देवघरातली समई, पहाटेच्या काकड्याची ज्योत, कार्तिकातले दीपदान. आज मी ज्या दिव्याविषयी सांगणार आहे त्याला कोणी हात जोडत नाही. तो करंगळीच्या नखाएवढा असतो आणि आपल्या दिंडीच्या गाडीत, डॅशबोर्डच्या आत लपलेला असतो. गरम हवेचे बटण, पंख्याचे बटण, हवा काचेवर सोडायची की पायांवर ते ठरवणारे बटण, या सर्वांच्या मागे एकेक बारीक दिवा जळत असतो. तो गेला तरी गाडी अडत नाही, म्हणून तो गेल्याचे कुणी सांगत नाही.

दिंडीत विणेकरी कोण, मृदंगाला कोण, चोपदार कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते. सामानाच्या गाडीवर कोण बसतो, हे मात्र कढई-पातेली वेळेवर आली नाहीत तरच आठवते. आमच्या दिंडीची गाडी माझे काका चालवत. वय ७१, गळ्यात तुळशीची माळ, आणि गाडी अठरा वर्षांची. पंधरा वर्षे झाली तेव्हा ठाण्याच्या आरटीओत नेऊन तिची पुन्हा नोंदणी करून घेतली, कारण काकांना दुसरी गाडी नको होती. मी भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात वायरमन आहे. माग चालू असले की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, सगळे हातांच्या खुणांवर चालते. त्यामुळे असेल, पण माणूस काय बोलतो याच्यापेक्षा त्याचे हात काय करतात इकडे माझे लक्ष आधी जाते.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते, ते आपल्याला सांगायला नको. ठाणे जिल्ह्यातल्या दिंड्या पडघा, शहापूर करत कसाऱ्याचा घाट चढतात. पहाटे चारला काकडा आटोपून चालायला सुरुवात होते, थंडी मी म्हणत असते आणि घाटात धुके उतरलेले असते. आमची गाडी दिंडीच्या मागे, चारही इंडिकेटर चालू ठेवून, पावलापावलाने येत होती. आत पाय दुखणाऱ्या तीन आजीबाई आणि दोन लहान मुले. पाच-सहा माणसांचा श्वास बंद गाडीत कोंडला की त्यातली वाफ थंड काचेवर बसते आणि समोरची काच आतून पांढरी होते. बाहेर कितीही पुसा, उपयोग नाही. गरम हवा काचेवर सोडावी लागते. काकांनी हात पुढे केला आणि बटण फिरवले. पंखा वाढला, हवा पायांवरच येत राहिली. पुन्हा चाचपडले, तिसरे बटण फिरवले. मी मोबाइलचा उजेड धरला तेव्हा हात योग्य जागी गेला.

काही झाले नाही, माउलींच्या कृपेने. पण हिशेब करून बघा. घाटात ताशी ४० किलोमीटर वेग म्हटला तरी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाते. बटण शोधायला दोन सेकंद नजर खाली गेली की २२ मीटर रस्ता न बघता गेला. दिंडीत २२ मीटरांत किती माणसे चालतात, हे आपण सगळे जाणतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात वाहन दिंडीत शिरले आणि संत नामदेव महाराजांच्या वंशातले एक महाराज आपल्यातून गेले. त्या दुर्घटनेचा डॅशबोर्डच्या दिव्यांशी काही संबंध नाही. पण पायी चालणाऱ्यांच्या जवळून जे चाक फिरते, ते चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून क्षणभरही का हलावी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

घरी आल्यावर पाहिले तर बटणांमागचे चारपैकी तीन दिवे गेलेले होते. मीटरच्या मागचाही एक गेला होता. आता बदलायचेच तर एलईडी बसवावेत असे ठरवले. आपल्यापैकी अनेकांकडे दिंडीच्या अशा जुन्या गाड्या आहेत, म्हणून हे काम घरच्या घरी कसे होते ते सांगतो.

आधी दोन दिव्यांतला फरक. जुन्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. ती दोन हजार अंशांहून अधिक तापते तेव्हा प्रकाश देते, आणि घेतलेल्या विजेचा दहावा हिस्साही उजेडात जात नाही, बाकी सगळी उष्णता. खड्ड्यांचे हादरे बसून ती तार तुटते. आपल्या भागातले रस्ते पाहता ती इतकी वर्षे टिकली हेच नवल. एलईडीत तार नाही. एका अर्धवाहक कणातून वीज गेली की तो कण तापल्यावाचून उजळतो. १९०७ साली एच. जे. राउंड यांनी एका स्फटिकाला वीज लावली तर तो चमकतो असे पाहिले. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी केला. निळा मात्र कित्येक वर्षे हाती येईना, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होईना. तो साधला म्हणून अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळाच असतो, त्यावर पिवळसर लेप असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता काम. किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीची ऋण तार १० नंबरच्या पान्याने सोडवून बाजूला करावी. हे आधी, बाकी सगळे नंतर. फिरवायची बटणे सरळ पुढे ओढली की निघतात. भोवतीची प्लास्टिकची चौकट खटक्यांवर बसलेली असते. ती स्क्रू ड्रायव्हरने उचकटली तर ओरखडे पडतात आणि जुने प्लास्टिक तुटते, म्हणून चमच्याच्या दांड्याला फडके गुंडाळून हळूहळू एकेक खटका सोडवावा. ज्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये किंवा डॅशबोर्डमध्ये एअरबॅग आहे, त्यांनी त्या तारांना हात लावू नये, ते काम गॅरेजवाल्याचे. चौकट निघाल्यावर मागच्या तारांचा मोबाइलवर फोटो काढावा. आपली आठवण चांगली आहे असे सगळ्यांनाच वाटते, पण संध्याकाळी जोडायला बसलो की फोटोच कामाला येतो.

बल्ब एका लहान होल्डरमध्ये असतो. होल्डर पाव फेरा फिरवला की बाहेर येतो. बटणांमागे बहुधा सगळ्यात बारीक, १.२ वॉटचा काचेच्या बुडाचा बल्ब असतो, मीटरमागे त्याहून मोठा. दुकानात जुना बल्ब दाखवूनच नवा घ्यावा. आमच्या कल्याण नाक्यावरच्या दुकानदाराने जुना बल्ब तळहातावर घेऊन नुसता पाहिला आणि डबीतून जोड काढून दिली.

एलईडीची एक खोड आहे. तारेच्या बल्बला उलटसुलट चालते, एलईडीला चालत नाही. वीज एकाच दिशेने गेली तरच तो लागतो. बसवला आणि लागला नाही, तर तो खराब आहे म्हणून टाकून देऊ नका, काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. दहांतले पाच असे फिरवावे लागतात. म्हणूनच चौकट बंद करण्याआधी बॅटरी जोडून प्रत्येक दिवा पेटवून पाहायचा.

काही गाड्यांत बल्ब पट्टीवर डाग देऊन पक्का केलेला असतो. तिथे सुटा एलईडी लावणाऱ्याने रोधक विसरू नये. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट पुरतात आणि चालू गाडीत १४ व्होल्टपर्यंत दाब असतो. उरलेले ११ व्होल्ट कुठेतरी अडवायला हवेत. १५ मिलीअँपिअर वीज जाऊ द्यायची तर ११ भागिले ०.०१५, म्हणजे सुमारे ७३० ओहम. बाजारात मिळणारा ८२० ओहमचा, पाव वॉटचा रोधक लावला की दिवा शांतपणे वर्षानुवर्षे चालतो. रोधक न लावता जोडला तर क्षणभर लखलखतो आणि कायमचा जातो.

दुसरी खोड उजेड पसरण्याची. तार चहूकडे उजेड देते, एलईडी समोरच्या बाजूलाच फेकतो. मग बटणाच्या मधोमध एक झगझगीत ठिपका दिसतो आणि कडेची चित्रे अंधारातच राहतात. यावर साधा उपाय आहे. एलईडीचे तोंड बारीक पॉलिशपेपरवर हलकेच घासायचे. त्याची चकाकी जाते, तो धुरकट होतो, आणि उजेड सगळीकडे सारखा पसरतो. हे करताना काका बाजूला बसले होते. ते म्हणाले, "चकाकी गेली तरच तो कामाला आला की रे." मी त्यात काही भर घालत नाही.

काकांचा नातू मात्र निळे एलईडी घेऊन आला होता. आमच्या माणकोली-काल्हेरकडच्या गोदामांतून निघणाऱ्या कितीतरी ट्रकांच्या केबिनमध्ये निळे-जांभळे दिवे लखलखत असतात, पोराला तेच आवडलेले. त्याला मी समजावले. अंधारात आपले डोळे सरावायला वेळ लागतो, पुरते सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास. डोळ्यांतल्या ज्या पेशी अंधारात पाहतात त्यांना निळा उजेड सगळ्यात जास्त दिपवतो आणि लाल सगळ्यात कमी. आपल्या हनुवटीसमोर निळा झगमगाट ठेवला तर समोरच्या धुक्यातला वारकरी, त्याची पांढरी बंडी, त्याच्या खांद्यावरची पताका, हे सगळे फिके पडते. गाडीतला उजेड जितका देखणा, तितका रस्ता काळा. म्हणून पिवळसर पांढरा, कमीत कमी शक्तीचा एलईडी घ्यावा. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायची चकती असते. ती तारेच्या बल्बसाठी बनवलेली, एलईडीवर ती फारशी चालत नाही, हेही घेण्याआधीच ध्यानात ठेवायचे. पोराने निळे दिवे परत केले, तोंड जरा पाडून का होईना.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे, माउली. सगळेच दिवे बदलायचे नसतात.

मीटरमध्ये बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो. तो फक्त सूचना देतो असेच आपल्याला वाटते. पण कित्येक जुन्या गाड्यांत त्याच बल्बच्या तारेतून थोडीशी वीज अल्टरनेटरकडे जाते. तेवढ्या विजेने आतले चुंबक जागे होते आणि मग अल्टरनेटर आपली वीज आपण करू लागतो. त्याच्या जागी एलईडी बसवला तर एलईडी इतकी कमी वीज सोडतो की अल्टरनेटर जागाच होत नाही. दिवा सुंदर दिसतो, आणि बॅटरी चार्ज न होता घाटात कुठेतरी गाडी उभी राहते. तसाच इंडिकेटरचा बाण. काही गाड्यांत डाव्या-उजव्या दोन्हींसाठी मीटरमध्ये एकच बल्ब असतो. डावीकडे वळताना वीज एका दिशेने जाते, उजवीकडे वळताना उलट. तिथला एलईडी एकाच बाजूला लागेल. म्हणून बटणांमागचे आणि मीटर उजळणारे दिवे तेवढे बदलावेत, खुणेचे दिवे जसे आहेत तसे ठेवावेत.

त्या बॅटरीच्या बल्बचा मला मोठा आदर वाटतो. जेमतेम दोन-तीन वॉटचा, किल्ली फिरवल्यापासून इंजिन सुरू होईपर्यंत दोन क्षण जळतो. ज्याला जागे करायचे ते जागे झाले की विझून जातो आणि प्रवासभर कुणाला दिसत नाही. गाडीतल्या मोठ्या दिव्यांना वीज पुरते ती त्याच्या त्या दोन क्षणांमुळे.

संध्याकाळी चौकट बसवली, बॅटरी जोडली, अंगणातला दिवा बंद केला आणि गाडीतले दिवे लावले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बटणांवरची चित्रे सारख्या, मऊ उजेडात दिसत होती. पंख्याचे चार आकडे, पायांकडे बाण, काचेकडे बाण. काकांना चालकाच्या जागी बसवले आणि म्हटले, आता हवा काचेवर सोडा.

काकांचा हात पुढे आला आणि पुन्हा पंख्याच्या बटणावर गेला.

कारखान्यात कापडातला तुटलेला धागा मी हातांच्या हालचालीवरून ओळखतो. मागावरच्या कारागिराची बोटे जिथे थांबतात तिथे काहीतरी तुटलेले असते. काकांची बोटे थांबली होती. मी हळूच विचारले, "दिसतंय ना?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उजेड दिसतोय रे. चित्र दिसत नाही. उजेडाभोवती नुसतं कडं दिसतंय."

दोन वर्षे ते सवयीवर गाडी चालवत होते. बटणांमागचे दिवे गेले होते ही त्यांच्यासाठी सोयच झाली होती. कुणी विचारले तर गाडीतला अंधार पुढे करता येत होता. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांभोवतीही तसेच कडे दिसे, म्हणून ते अलीकडे "मी पहाटेच निघतो, रात्री नको" असे म्हणू लागले होते. आम्हाला वाटे, काकांना ब्रह्ममुहूर्ताची ओढ आहे. आमच्याकडे गाडी चालवणे हीच त्यांची सेवा. ती गेली तर आपण दिंडीत कशाला, ही भीती त्यांनी दोन वर्षे एकट्याने वागवली.

त्या संध्याकाळी त्यांनी किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पांडुरंगानेच काढून घेतली म्हणायचं." मी म्हटले, "काढून घेतली नाही, काका, डॉक्टरांना दाखवू." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. फाल्गुनात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, चैत्रात दुसऱ्याची. नजर परत आली, चष्मा लागला तो फक्त वाचायला. गाडी मात्र त्यांनी पुन्हा मागितली नाही. आषाढीला नातवाने गाडी चालवली, आणि काका अठरा वर्षांत पहिल्यांदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी चालले. वाखरीला मी विचारले, "गाडीची आठवण येते का?" तर म्हणाले, "इतकी वर्षं दिंडीची पाठच बघत होतो. तोंडं आत्ता बघितली."

माउली, हे वाचून झाल्यावर दोन गोष्टी करा. आपल्या दिंडीच्या गाडीत रात्री जाऊन बसा आणि कोणकोणते बटण अंधारात आहे ते पाहा. गेलेले दिवे बदला. खर्च एका वेळच्या चहापाण्याइतका आहे. दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. जो गाडी चालवतो त्याच्याशेजारी बसा आणि त्याचे हात पाहा. चाचपडतात का, थांबतात का. त्याला चारचौघांत विचारू नका, एकट्याला विचारा. आणि विचारताना आधीच सांगा, गाडी सुटली तरी दिंडी सुटत नाही. साठी उलटलेल्या प्रत्येक चालकाचे डोळे प्रस्थानाआधी तपासून घेण्याचा नियम आमच्या दिंडीने आता केला आहे. आपल्याही दिंडीने करावा, एवढी विनंती.

ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला जो ग्रंथ सांगितला त्याला आपण ज्ञानेश्वरी म्हणतो. भावार्थदीपिका हेही त्याचेच नाव. दीपिका म्हणजे लहान दिवा. अर्थ दाखवायला निघालेल्या एवढ्या थोर ग्रंथाला सूर्याचे नाव दिले नाही, लहान दिव्याचे दिले. लहान दिव्याजवळ जावे लागते, आणि जवळ गेलो की दिव्यासोबत शेजारच्या माणसाचा चेहराही दिसतो.

रामकृष्णहरी.